मदत हवी आहे: अम्मीने इस्तिखारा केलाय, आता रिश्त्याला नाही कसं म्हणू? (बडोदा)

सुई_दोरा:

नमस्कार मंडळी. हा डुआयडी आहे, म्हणजे माझं दुसऱ्या नावाचं खातं. जुन्यांपैकी कुणी लिहिण्यावरून ओळखलंच तर कृपया गप्प राहा. मजकूर मोठा आहे, आणि धागा धर्मावर घसरला तर मी उत्तरं देणार नाही.

मी बडोद्याचा, वय ३३, मुसलमान आणि गे. पणजोबा साताऱ्याकडून गायकवाडांच्या लष्करात आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात दखनी, गिऱ्हाइकांशी गुजराती आणि शाळा मराठी, त्यामुळे डोक्यातली भांडणं मराठीत चालतात. हा प्रश्नही म्हणून इथे.

अब्बांचं शिवणकामाचं दुकान मी चालवतो. रेडीमेडने धंदा बराच खाल्ला, तरी लग्नाची शेरवानी लोक अजून मापाने शिवून घेतात, त्यावर घर चालतं. अब्बा कोरोनात गेले. भाईजान कतारला, आपा भरूचला दिलेली. घरात अम्मी आणि मी. तिला साखरेचा त्रास आहे, रात्रीचं इन्सुलिन मी टोचतो, कारण स्वतः टोचताना तिचा हात थरथरतो आणि मग ती चिडते.

आता मुद्दा. मामूंनी भरूचहून एक रिश्ता आणलाय. मुलगी बी.एड., शाळेत शिकवते. फोटोत हसरी आहे, नाव ठेवायला जागा नाही. याआधीचे रिश्ते मी धंदा, कर्ज, अब्बांचं आजारपण अशी कारणं सांगून टाळले. या वेळी अम्मीने इस्तिखारा केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठ्या कामाआधी दोन रकात नमाज पढून, दुआ मागून अल्लाहकडे सोपवायचं. आपल्याकडे देवाला कौल लावतात, साधारण तसं समजा. तिच्या स्वप्नात अब्बा आले, दुकानात बसून पांढरं कापड कापत होते. झालं, अम्मीला होकार मिळाला! (पांढरं कापड कफनाचंही असतं, हे मी बोललो नाही.) पेटीतून तिने माझ्यासाठी जपून ठेवलेलं मोतिया किमखाब बाहेर काढलंय. बकरी ईदनंतर बात पक्की करायची असं मामूंनी परस्पर सांगून टाकलंय.

आणि माझा माणूस आहे. दांडिया बाजारातला, मराठी, हिंदू, मकरपुऱ्याला एका कारखान्यात नोकरीला. आमचं बऱ्याच वर्षांचं आहे. अम्मीच्या लेखी तो माझा जिगरी दोस्त. ईदला शीरखुर्म्याचा डबा आधी त्याच्या घरी जातो, मग नातेवाइकांकडे. मागे मी माल आणायला सुरतेला गेलो असताना अम्मीची साखर एकदम खाली गेली. शेजारणीने त्याला फोन केला, तो रिक्षात घालून घेऊन गेला. दाखल करायच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात त्याने सरळ ‘मुलगा’ लिहिलं. काउंटरवरचा माणूस एकदा अम्मीचं नाव बघतो, एकदा याचं आडनाव. हा म्हणाला, “लिहिलंय ते बरोबर आहे, पुढचं सांगा.” अम्मी शुद्धीवर आल्यावर हा किस्सा साऱ्या मोहल्ल्याला ऐकवत होती, हसून हसून. मला मात्र ऐकताना घशाशी काहीतरी यायचं.

एकत्र राहायचं म्हणाल तर इथे आणखी एक भानगड आहे. बडोद्याच्या बऱ्याच भागांत अशांत धारा लागू आहे. १९९१ चा गुजरातचा कायदा. त्या भागांत घर विकायचं-घ्यायचं तर कलेक्टरची परवानगी लागते. व्यवहारात याचा अर्थ असा की त्याच्या भागात माझ्या नावाने घर होत नाही आणि माझ्या भागात त्याच्या. भाड्याचं म्हणाल तर माझं नाव ऐकल्यावर घरमालकाला अचानक आपला पुतण्या राहायला येणार असल्याचं आठवतं. इथे गे असण्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही, आधीच अडते.

लग्न करून टाकायचं, हा पर्याय मी धरलेला नाही. आईबापाला ‘उफ’सुद्धा म्हणू नका, हे सूरह बनी इस्राईलमधलं लहानपणापासून ऐकलंय, मामू तर तेवढंच ऐकवतात. पण सूरह निसाची १३५ वी आयत म्हणते की इन्साफवर ठाम राहा, मग तो स्वतःच्या, आईबापाच्या, नातलगांच्या विरोधात का जाईना. त्या मुलीला काही न सांगता तिच्याशी निकाह करणं यात इन्साफ कुठे बसतो ते मला कुणी दाखवावं. अम्मीची खिदमत मी करतो, करीन. तिच्यासाठी परक्याची मुलगी खर्ची घालणं ही खिदमत नव्हे, एवढं माझं पक्कं आहे.

कतारला भाईजानकडे निघून जायचं, असंही सुचवलं गेलंय. तिथे हा कायद्यानेच गुन्हा आहे, आणि इथे इन्सुलिन कोण देणार?

२००६ मध्ये राजपिपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी आपण गे आहोत असं पेपरात उघडपणे सांगितलं तेव्हा मी शाळेत होतो. तिकडे त्यांचे पुतळे जाळले. त्यांचंही १९९१ मध्ये लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. अब्बांनी पेपर घडी करून गल्ल्याखाली सरकवला आणि म्हणाले, “राजाचं काहीही चालतं, आपल्याला दुकान चालवायचंय.” त्यांना माझ्याबद्दल कळलं होतं का, हे अजून माझ्या डोक्यात फिरतं.

तर विचारायचं हे: इस्तिखाऱ्यानंतर नाही म्हणायचं तर कसं, खोटं न बोलता? अम्मीला खरं कारण सांगावं का? आणि कायद्याच्या बाजूने काही करून ठेवता येतं का?

---

बाकरवडी:

भावा, एवढा विचार करू नकोस. लग्न झालं की सगळं मार्गी लागतं. आमच्या नात्यात एक जण असाच होता, आता दोन मुलं आहेत, मजेत आहे.

---

नर्मदाकाठ:

बाकरवडी, तुमच्या नातेवाइकाची बायको मजेत आहे का, विचारलंत?

मी विचारते, कारण मी ती बायको होते. माहेर इंदूर. नवरा सज्जन होता, कधी आवाज चढवला नाही. नुसता लांब राहायचा. मी आधी वजन कमी केलं, मग साड्या बदलल्या, मग डॉक्टर, मग गुरुवारचे उपास. सासूबाई म्हणायच्या, तुलाच जमत नाही त्याला बांधून ठेवायला. शेवटी त्याने सांगितलं तेव्हा मला राग आलाच नाही आधी, हायसं वाटलं, की माझ्यात काही खोट नव्हती. राग नंतर आला, आणि तो अजून गेलेला नाही. माझी ऐन उमेदीची वर्षं त्याच्या आईच्या समाधानासाठी गेली. त्या समाधानाच्या बाई आता माझ्याशी बोलत नाहीत.

सुई_दोरा, तू त्या शिक्षिकेला वाचवतोयस. तिला ते कधी कळणार नाही, ती तुला शिंगं फुटली असंही म्हणेल. म्हणू दे. एकच सांगते, नकार लवकर दे. बात पक्की झाल्यावर मोडली तर भरूचमध्ये बोट तिच्याकडे दाखवतील.

---

रिकामटेकडा_७:

मुसलमान आणि इतकं शुद्ध मराठी? धागा बनावट वाटतो.

---

सुई_दोरा:

रिकामटेकडा, शाळेत मराठीत पहिला यायचो, निकालपत्र अम्मीच्या पेटीत किमखाबाखाली आहे. मशिदीत मला ‘मराठा’ म्हणतात आणि इथे तुम्ही बनावट. चालू द्या.

नर्मदाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद त्यालाही वाचायला दिला. ईदची वाट बघत नाही.

---

खाडीपलीकडे:

सलाम भाई. मी चिपळूणकडची, कोकणी मुसलमान, तुझ्या अम्मीच्या वयाच्या जवळपास. इस्तिखाऱ्याबद्दल तुम्हा सगळ्यांचीच गल्लत होते. स्वप्न पडलंच पाहिजे अशी अट कुठेही नाही. ती दुआ आहे: यात माझं भलं असेल तर सोपं कर, नसेल तर माझ्यापासून फिरव आणि मलाही त्यापासून फिरव. आणि ज्याचं काम त्याने ती मागावी हे बरं. तू मागितलीस का? माग. मग अम्मीला सांग, “मी पण पढलो, माझं दिल फिरलंय.” यात खोटं काय आहे? ती नमाजी बाई असेल तर यावर वाद घालणार नाही.

दुसरं, निकाहात कबूल तुला म्हणायचंय. मामूंनी ‘पक्की’ म्हणून काही पक्कं होत नाही.

खरं कारण सांगावं का, यावर माझं मत लोकांना आवडणार नाही. आत्ता नको. इन्सुलिन, वय, एकटेपणा हे सगळं बघ. तिची भीती वेगळीच असणार: मी गेल्यावर याला जेवू कोण घालणार? त्या भीतीला उत्तर दे. तो मुलगा घरात जास्त दिसू दे. आम्ही आया सगळं बोलत नाही रे, पण डबा आधी कुणाकडे पाठवायचा ते आम्हाला बरोबर कळतं.

---

काळा_कोट:

कायद्याचं थोडक्यात, मी वकील आहे पण तुमचा नाही, कागद करताना स्थानिक माणूस गाठा.

गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने संमतीने असलेले प्रौढांचे समलिंगी संबंध जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाने नकार दिला. म्हणजे नातं एका कागदात मिळत नाही, तुकड्यातुकड्याने उभं करावं लागतं.

बँकेपासून सुरुवात करा. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थमंत्रालयाने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे लक्षात ठेवा. मृत्युपत्राने मुसलमान व्यक्ती कर्ज आणि दफनाचा खर्च वजा जाता फक्त एक तृतीयांश मालमत्ता वारस नसलेल्या माणसाला देऊ शकते, त्याहून जास्त दिलं तर वारसांची संमती लागते. तो तिसरा हिस्सा त्याच्या नावे लिहून ठेवा.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला सगळ्यात जास्त खटकलेलं: दुकान कुणाच्या नावावर आहे? अब्बांच्या असेल तर ते एकट्याचं नाही. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात भावांचे दोन-दोन वाटे आणि आपाचा एक. नकारावरून घरात बिनसलं तर पहिला दबाव इथून येईल. बोलणी गोड आहेत तोवर वाटणीचा कागद करून घ्या.

आणि लग्न करून नंतर सोडू, असं कुणी सुचवलं तर: १९३९ च्या कायद्याने मुस्लिम स्त्री कोर्टातून विवाहविच्छेद मागू शकते, पण कारण सिद्ध करायला फेऱ्या तिलाच घालाव्या लागतात.

---

सुई_दोरा:

काळा कोट, दुकान अब्बांच्याच नावावर आहे. भाड्याची पावतीसुद्धा. हे डोक्यातच नव्हतं, आभार.

व्यनितून (खाजगी निरोपातून) एकाने मानसोपचार घे असं सुचवलं. मागे एकांकडे गेलो होतो, त्यांनी “हे सुटतं” म्हणून गोळ्या लिहून दिल्या, झोपेशिवाय काही वाढलं नाही.

---

काळा_कोट:

तसं ‘सोडवणं’ हे गैरवर्तन आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना तसं कळवलंय, तक्रार करता येते. नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, फुकट. आणि तुमच्या शहरातलंच सांगायचं तर मानवेंद्रसिंहांचा लक्ष्य ट्रस्ट बडोद्यात समलिंगी पुरुषांसाठी काम करतो.

---

सुई_दोरा:

अपडेट. काल रात्री इन्सुलिननंतर अम्मीला म्हणालो, मी पण इस्तिखारा पढलो, दिल राजी नाही. खरंच पढलो होतो. ती बराच वेळ सुईचं टोपण शोधत राहिली, टोपण माझ्या हातात होतं. मग म्हणाली, “अब्बा कापड काप रहे थे, सी नहीं रहे थे. मैंनेच जल्दी की.” आणि किमखाब? ते राहू दे म्हणाली, कुठेतरी लागेल. तिला काय कळलं, काय नाही, मी विचारलं नाही.

आपाला उद्या खरं सांगणार आहे. ती भरूचलाच असल्यामुळे मुलीकडे गोष्ट नीट पोचवेल. दुकानाचंही तिच्याशीच आधी बोलतो.

आता मामू राहिले. ते ओरडतील. त्यांना फोनवर सांगायला एखादं वाक्य सुचवाल का? खोटं नको, आणि पुढे प्रश्न येणार नाहीत असं.

---

नर्मदाकाठ:

“मुलीत काही उणं नाही, नकार माझा आहे, तिच्या घरी याच शब्दांत कळवा.” प्रश्न आले तर हेच परत म्हणायचं. तिसऱ्यांदा माणूस कंटाळतो.

---

सुई_दोरा:

हे जमेल. फक्त मामूंऐवजी मामींना सांगतो, मामूंचा फोन त्याच उचलतात आणि घरातले निर्णयही.