मदत हवी आहे: एफएफटीत (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारं गणित) पीकला, म्हणजे शिखराला, दोन 'कान' फुटलेत

भोसरीकर:
नमस्कार मंडळी. भोसरीत छोट्या कंपनीत आहे, संरक्षण खात्याच्या एका प्रोजेक्टसाठी रिसीव्हर बोर्ड करतोय. कुठला प्रोजेक्ट ते विचारू नका, एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सही केलीय (खडकवासल्याच्या नव्हे).

आयएफ (रिसीव्हरमधली मधली फ्रिक्वेन्सी) 70 मेगाहर्ट्झ, 14 बिट एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप), सॅम्पलिंग 100 मेगाहर्ट्झ, पुढे एफपीजीएत (हवं तसं सर्किट भरता येणाऱ्या चिपमध्ये) 4096 पॉइंट एफएफटी. 70 चा पीक 30 वर (100 वजा 70) दिसतो, तो ठीकच. पण त्याच्या दोन्ही बाजूंना 20-21 बिनवर (बिन म्हणजे एफएफटीचा एक कप्पा), 62 डीबी खाली, दोन बारीक कान उभे असतात. पीक हलवला की सावलीसारखे सोबत हलतात, सिग्नल जनरेटर बंद केला की गायब. मॅटलॅबमध्ये (कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये) सगळं स्वच्छ.

साहेब म्हणतात, शेजारच्या शेडमधल्या वेल्डिंगचा नॉइज. म्हणून गुरुवारी, एमआयडीसी बंद असताना मुद्दाम येऊन मोजलं. कान जागच्या जागी! फर्मवेअरच्या पोरांनी तीन रात्री विंडो (एफएफटीआधी सॅम्पलना लावायचं वजन) बदलून पाहिल्या, ढिम्म फरक नाही. खरा पण क्षीण सिग्नल नेमका तिथेच आला तर ओळखायचा कसा? सोमवारी रिव्ह्यू आहे.

डेसिबलराव:
पोरांना झोपू द्या, कोडचा दोष दिसत नाही. तुमचा एक बिन 24.4 किलोहर्ट्झचा. साडेवीस बिन म्हणजे 500 किलोहर्ट्झ. बोर्डावर 500 किलोहर्ट्झला स्विच होणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलणारं सर्किट) आहे का? जनरेटर त्याच लेव्हलला ठेवून 35 मेगाहर्ट्झवर आणा. कान पीकच्या मानाने आणखी 6 डीबी खाली, म्हणजे निम्मे, गेले तर एडीसीचा क्लॉक थरथरतोय, कारण त्या थरथरीचा परिणाम फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात असतो. तेवढेच राहिले तर एडीसीचा ॲनालॉग सप्लाय नाहीतर रेफरन्स बघा.

भोसरीकर:
35 वर 68 डीबी! कन्व्हर्टरही 500 चाच निघाला. क्लॉक देणारा ऑसिलेटर आणि एफपीजीए त्याच्या एकाच 3.3 व्होल्टवर टांगलेत. (लेआउट मीच केलाय, हसू नका.) आता नवा बोर्ड काढायला वेळ कुठंय?

डेसिबलराव:
नवा कशाला? ऑसिलेटरच्या सप्लाय पिनपाशी ट्रॅक ब्लेडने कापा आणि 5 व्होल्टवरून छोटा एलडीओ (स्विच न होणारा, शांत रेग्युलेटर) जंपरने जोडा. एलडीओ निवडताना डेटाशीटच्या पहिल्या पानावरच्या पीएसआरआरला (सप्लायचा नॉइज किती अडवतो तो आकडा) भुलू नका, तो बहुधा 1 किलोहर्ट्झचा असतो. आलेखात 500 किलोहर्ट्झला किती उरतो ते पाहा. एलडीओच्या आधी फेराइट बीड (वरच्या फ्रिक्वेन्सीचा नॉइज अडवणारा मणी) टाका.

भोसरीकर:
कापला. हात थरथरत होता, क्लॉक आता नाही. कान 84 डीबी खाली. साहेबांना वेल्डिंगचं काय सांगू?