वेस्टर्नमधला घोडा: नट की सामान?

अबलख

परवा जुन्या वेस्टर्नच्या, म्हणजे अमेरिकन काऊबॉयपटांच्या धाग्यावर तर्कट यांनी लिहिलं की ट्रिगर, चॅम्पियन, सिल्व्हर या पडद्यावरच्या गाजलेल्या घोड्यांचं कौतुक म्हणजे स्टुडिओच्या जाहिरात खात्याचा उद्योग. एका नावाखाली चार-चार घोडे असायचे, म्हणून पडद्यावरचा घोडा हा खोगिरासारखंच सामान. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

ट्रिगर जाहिरात खात्याच्या पोटी जन्मला नव्हता. तो हडकिन्सच्या भाड्याच्या तबेल्यातला घोडा, मूळ नाव गोल्डन क्लाउड. १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटात ऑलिव्हिया द हॅविलंड ज्याच्यावर बसलेली दिसते, तो हाच. त्याच वर्षी काऊबॉयपटांतला नट रॉय रॉजर्स याला नायकाचं पहिलं काम मिळालं. निवडायला घोडे आणले होते, त्यांतून त्याने हा निवडला आणि पुढे २,५०० डॉलरला स्वतः विकत घेतला. सामानावर कुणी असा जीव टाकत नाही.

आणि ज्याच्यासाठी मी एवढं लिहितोय तो ट्रिगर नाहीच, पाई आहे. नट जेम्स स्ट्युअर्टचा तांबूस घोडा. १९५० ते १९७०, तब्बल वीस वर्षं स्ट्युअर्टच्या वेस्टर्नमध्ये तोच. विकत घ्यायचा प्रयत्न स्ट्युअर्टने केला, पण मालकीणबाई स्टीव्ही मायर्स यांनी दिला नाही. 'द फार कंट्री'मध्ये पाईला रात्रीच्या रस्त्यावरून एकट्याने चालत जायचं आहे. पाठीवर कुणी नाही, लगाम धरणारा नाही, फक्त खोगिराला अडकवलेली घंटा वाजतेय. स्ट्युअर्ट सांगायचा की आधी त्याने पाईच्या कानाशी लागून काय करायचं ते समजावलं आणि पहिल्याच टेकला घोडा सरळ चालत गेला. मी हा प्रसंग पुण्याच्या वेस्ट एंडला मॅटिनीला पाहिला तेव्हा थिएटरात कुणी हललं नव्हतं. तो घोडा नट नाही म्हणणाऱ्याने आधी तो प्रसंग पाहावा.

तर्कट

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर माझा मुद्दा तरी पुरता मांडायचा. विकत तर लोक गाडीसुद्धा घेतात आणि तिच्यावरही जीव टाकतात, त्याने गाडी नट होत नाही.

आता मुद्दा. मूळ ट्रिगरचा एकच पाय पांढरा होता, मागचा डावा. ज्या ट्रिगरचे चारही पाय पांढरे दिसतात तो लिटल ट्रिगर, वेगळा घोडा. विनोदी नट बॉब होपबरोबर एका पांघरुणात झोपणारा ट्रिगर आठवतो ना? तोही लिटल ट्रिगर. बहुतेक करामती त्याच्या, नाव दुसऱ्याचं. चॅम्पियनचं तेच. दुसरा काऊबॉय नट जीन ऑट्री, त्याच्या मूळ चॅम्पियनचा पुढचा उजवा पाय पांढरा नव्हता. ऑट्री युद्धावर असताना तो गेला. परत आल्यावर जो उभा केला तो रंगाने फिकट आणि चारही पायांनी पांढरा. पण नाव चॅम्पियनच. लोकांना फसवलं, हे साधं मराठीत म्हणायला तुम्हाला इतकं जड का जातंय?

अबलख

फसवलं कसं? नाटकात एका भूमिकेला दोन नट असतात तेव्हा आपण फसवणूक म्हणतो का? आणि चार पायांचं तुम्हीच सांगितलंत. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा म्हणजे आपल्याकडचा पंचकल्याणी. आपली माणसं बाजारात घोड्याचे पाय मोजून सौदा करत, तिथल्या पोरांनाही डोळे होतेच की.

तर्कट

नाटकात बदली नटाचं नाव फलकावर लिहितात. लिटल ट्रिगरचं कुठे लिहिलं होतं?

रिकीब

तुम्ही दोघं पायांचे रंग मोजत बसा. मी बारा वर्षं घोडेस्वारी शिकवतोय, मला वेगळंच विचारायचंय. गोळी लागल्यावर भरधाव घोडा डोक्यावर कोलमडतो, ते दृश्य कसं घ्यायचे माहीत आहे का? पुढच्या दोन्ही पायांना बारीक तार बांधायची, ती पोटपट्ट्याच्या कडीतून ओवून घ्यायची, दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंट्याला. घोडा पूर्ण वेगात आला की तार संपते आणि त्याचे पुढचे पाय हिसक्याने खालून निघून जातात. याला रनिंग डब्ल्यू म्हणत. घोड्याला काहीच कल्पना नसते, तो मालकावर भरवसा ठेवून धावत असतो. कित्येकांचे पाय मोडले, माना मोडल्या.

१९३९ च्या 'जेसी जेम्स'मध्ये घोड्याला कड्यावरून खाली तळ्यात पाडलं, घोडा मेला. त्यावरून इतका संताप उसळला की १९४० पासून अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या प्राणिरक्षण संस्थेची माणसं सेटवर येऊ लागली, तारेवर बंदी आली. १९६६ मध्ये जुनी सेन्सॉर व्यवस्था गेली, तिच्याबरोबर हा अधिकारही गेला. मग १९८० मध्ये 'हेवन्स गेट' चित्रपटातल्या घोड्यांच्या हालांवरून पुन्हा बोंब झाली तेव्हा कुठे देखरेख परत आली. नावाच्या घोड्यांना साखर मिळाली, बिननावाच्यांना तार. आधी याच्यावर बोला.

अबलख

रिकीब, यातलं काहीच नाकारत नाही. पण बंदीनंतर पडायला शिकवलेले घोडे आले, तेही सांगा ना. स्वार लगाम एका बाजूला खेचून मान वळवतो आणि घोडा उकरलेल्या मऊ मातीवर खांद्यावर पडतो, मग उठून उभा राहतो. ते शिकायला त्याला महिनोन्महिने लागतात. म्हणजे माझाच मुद्दा झाला, ते काम आहे.

रिकीब

काम म्हणा. कला म्हणू नका. घोड्याला पडणं आवडत नाही, मी शंभर वेळा पाहिलंय. पडल्यावर त्याच्या डोळ्यांचं पांढरं दिसतं.

कस्तुरी_के

इथे लग्नातल्या घोडीबद्दल कुणीच का बोलत नाही? डीजेच्या भिंतीसमोर तीन-तीन तास उभी करतात, पायाशी फटाके लावतात. अमेरिकेच्या ऐंशी वर्षांपूर्वीच्या घोड्यांसाठी रडायला वेळ आहे. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या वरातीत घोडीच्या पोटऱ्या थरथरताना मी स्वतः पाहिल्या. नवरदेवाला सांगितलं तर घरचे अंगावर आले.

वाळवंटी_वैदेही

कस्तुरीताई, खरंय, पण त्याला वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

ट्रिगरबद्दल मला सांगायचंय, कारण मी त्याला पाहिलंय. १९९९ मध्ये आम्ही लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला चाललो होतो. वाटेत व्हिक्टरव्हिलला रॉय रॉजर्सचं संग्रहालय होतं, बाहेर मागच्या पायांवर उभा ट्रिगरचा भलामोठा पुतळा, हमरस्त्यावरून दिसायचा. मुलगा पाच वर्षांचा, हट्टच धरला. आत गेलो तर काचेमागे खरा ट्रिगर. ३ जुलै १९६५ ला तो गेला, रॉजर्सने त्याला पुरलं नाही, पेंढा भरून उभा केला. तेच पुढचे पाय उचललेले, पाठीवर ते चांदीचं खोगीर. मुलगा काचेला नाक लावून म्हणाला, "आई, तो खाली कधी येणार?" मला तिथे थांबवेना. आयुष्यभर राबलेल्या जनावराला मेल्यावरही पाय उचलून उभं ठेवायचं? हे प्रेम नाही. हा हावरेपणा आहे.

अबलख

वैदेही, एक दुरुस्ती. त्यात पेंढा नव्हता. प्लास्टरचा साचा करून त्यावर कातडं चढवलं होतं.

वाळवंटी_वैदेही

मी काय सांगतेय आणि तुम्ही काय दुरुस्त करताय!

तर्कट

वैदेहींशी पूर्ण सहमत, आणि माझा मुद्दा सिद्ध झाला. २००३ मध्ये ते सगळं मिसूरीतल्या ब्रॅन्सनला हलवलं, २००९ अखेर संग्रहालय बंद पडलं आणि २०१० च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला लिलाव. ट्रिगर गेला २,६६,५०० डॉलरला, एका टीव्ही वाहिनीने घेतला. रॉजर्सचा बुलेट कुत्राही विकला. ज्याचा लिलाव होतो त्याला सामानच म्हणतात.

वाळवंटी_वैदेही

माझ्या रडण्याचा तुमच्या मुद्द्यासाठी वापर करू नका. मी त्याला सामान म्हटलं नाही, त्याला सामान करून टाकलं म्हणून मला त्रास झाला. यातला फरक कळत नसेल तर माझ्या नावापुढे सहमत लिहू नका.

रिकीब

नट विल्यम हार्टचं उदाहरण बघा. मूकपटांच्या काळातला त्याचा अबलख घोडा फ्रिट्झ. १९३८ मध्ये गेला, तर हार्टने न्यूहॉलच्या स्वतःच्या रानात त्याला पुरला. आजही तिथे थडगं आहे. आपल्याकडे संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहेच. जनावराचा मान राखायची ही रीत. काचेची पेटी ही रीत नव्हे.

अबलख

मग कोमांचीचं काय? १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या, अमेरिकन सैन्य आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यातल्या लढाईतून जखमी होऊन वाचलेला घोडा. १८९१ मध्ये गेला, आजही कॅन्सस विद्यापीठात उभा आहे. त्याला कुणी हावरेपणा म्हणत नाही. लोक त्याच्यासमोर टोपी काढतात.

रिकीब

तो लढाईचा साक्षीदार म्हणून ठेवलाय. ट्रिगर तिकीट लावून ठेवला होता. दोन्ही एकाच दावणीला बांधू नका.

नाना_मिरजकर

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण पुरावं की ठेवावं यावरून तुम्ही एकमेकांवर ओरडताय म्हणून लिहितो.

माझ्या आजोबांचा टांगा होता, मिरज स्टेशन ते गाव. घोडा पहाटे चारला दाराची कडी तोंडाने वाजवायचा, चारची गाडी चुकू नये म्हणून. त्याला गजराच्या घड्याळाची गरज नव्हती. रात्री आजोबा खरारा करायचे तेव्हा तो पुढचा एक पाय सैल सोडून त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकायचा. मग रिक्षा आल्या, धंदा बसला. मी सातवीत असताना आजोबांनी तो बाजारात विकला. चांगल्या घरी जातोय म्हणून घेणाऱ्याने हातावर हात मारून सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी आजोबा डोक्यावर हरभऱ्याची पिशवी घेऊन भेटायला गेले, तर त्याने पुढे विकलेला. कुणाला ते धड सांगेना. आजोबा चार बाजार हिंडले. सापडला नाही. त्याचा घुंगरांचा पट्टा आमच्या सोप्यात खुंटीला होता, आजोबा जाईपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही. वाऱ्याने वाजला की ते दाराकडे बघायचे.

वैदेहीताई, तुम्हाला काचेसमोर थांबवलं नाही हे मला समजतं. पण आमच्या आजोबांना कुणी सांगितलं असतं की तुमचा घोडा अमुक गावी काचेमागे उभा आहे, तर ते मिरजेहून चालत गेले असते.

वाळवंटी_वैदेही

नाना, यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझं मत अजून तेच आहे. पण रॉजर्सला हावरट म्हटलं ते मागे घेते.

तर्कट

नानांच्या गोष्टीबद्दल आदर आहे. पण अबलखांनी माझ्या प्रश्नाला अजून उत्तर दिलेलं नाही, तेवढं विचारतो. वैदेही, त्या संग्रहालयात लिटल ट्रिगर होता का?

वाळवंटी_वैदेही

मी आज सकाळी जुना अल्बम काढला. ट्रिगर आहे, मागचा डावा पाय पांढरा स्पष्ट दिसतो. ट्रिगर ज्युनियर आहे, रॉजर्सची बायको डेल इव्हान्स, तिचा बटरमिल्क घोडा आहे, बुलेट आहे. लिटल ट्रिगरची पाटी एकाही फोटोत नाही. तो तिथे नव्हताच.

तर्कट

झालं. गावोगावच्या खेळांत करामती करणारा, मुलांच्या टाळ्या घेणारा, बिछान्यात झोपणारा घोडा तिथे नाही. मी फसवणूक म्हणतो ती हीच. प्रेक्षकाची राहू द्या, त्या घोड्याची.

अबलख

हे तुम्ही पहिल्या दिवशी असं मांडलं असतंत तर धागा काढलाच नसता. तुम्ही 'एक नव्हताच, म्हणून सामान' म्हणालात. आता म्हणताय की दुसऱ्याचं श्रेय मारलं गेलं. श्रेय सामानाचं मारलं जात नाही, कामगाराचं मारलं जातं. तेवढ्यापुरतं तुम्ही माझ्या बाजूला आलात.

आणि तेवढ्यापुरता मी तुमच्या. दोन नटांचं उदाहरण मी दिलं ते चुकलं. फलकावर नाव हवं होतं. शाळेत असताना वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं ट्रिगरचं चित्र अजून माझ्याकडे आहे, मासिकातून कापलेलं. काल भिंगाखाली धरलं. चारही पाय पांढरे आहेत. पन्नास वर्षं मी त्या चित्राखाली चुकीचं नाव ठेवलं. आज खाली पेनाने 'लिटल ट्रिगर' लिहिलं.

पाईबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही. १९७० मध्ये आलेल्या 'द शायेन सोशल क्लब'च्या चित्रीकरणात सांता फेच्या उंचीवर पाईला सोसेना, तो थकलेला होता. त्यातला दुसरा नट हेन्री फोंडा फावल्या वेळात त्याचं रेखाटन करत बसायचा. घरी गेल्यावर त्याने ते रंगवलं आणि स्ट्युअर्टला दिलं. पाई त्यानंतर लवकरच गेला. स्ट्युअर्टने ते चित्र जपून ठेवलं. तिथे पेटी नाही, तिकीट नाही, लिलाव नाही.

रिकीब

पाई मान्य. चित्राची रीत मला चालते.

तारेने पडलेल्यांची चित्रं कुणी काढली नाहीत, हे मात्र मी परत परत लिहिणार.

कस्तुरी_के

घोडीचा धागा काढलाय. कृपया या. नाना, तुमच्या आजोबांच्या घोड्याचं नाव काय होतं?

नाना_मिरजकर

सांगायचं राहिलंच. मोती. तांबडा होता, कपाळावर चवलीएवढा पांढरा ठिपका. पुढचा डावा पाय खुरापासून चार बोटं पांढरा.