गाडीची बॅटरी: स्टिकर वेगळे, आत सगळं सारखंच?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक आहे, बॅटरी 3 वर्षं 2 महिने चालली आणि चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर बांधतात ती फळापानांची सजावट) सामान आणायला निघालो तर नुसतं टक टक टक. शेजाऱ्याने त्याच्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून जंप दिला म्हणून बाजार गाठला. दुकानदार म्हणतो कुठलीही घ्या, कारखाने दोनतीनच, स्टिकर तेवढे वेगळे. दुसऱ्याकडे लोकल बॅटरी बरीच स्वस्त आहे. 35 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) हवी. खरं काय ते सांगा.

फोंड्याचा मेस्त:
अर्धंच खरं आहे. एक्साइड आणि एसएफ सोनिक एकाच कंपनीच्या, पण अमॅरॉन अमर राजाची, तो कारखाना वेगळा. आणि एका कंपनीतसुद्धा सगळी मॉडेलं सारखी नसतात भाऊ, म्हणून तर वॉरंटी कमीजास्त असते. मी मेलेल्या बॅटऱ्या उघडून बघितल्यात. आत 6 सेल, प्रत्येक साधारण 2.1 व्होल्टचा, आणि प्रत्येकात शिशाच्या जाळ्या, त्यावर लेड ऑक्साइडची पेस्ट थापून सुकवलेली. पहिलं चार्जिंग झालं की पॉझिटिव्ह प्लेट चॉकलेटी होते, निगेटिव्ह करडी. खरा फरक इथे पडतो, जाळी किती जाड, पेस्ट किती घट्ट बसलीय, कारण आपल्याकडच्या उकाड्यात पॉझिटिव्ह जाळीच आधी सडते, हात लावला की बिस्किटासारखी तुटते. शिसं कमी घातलं की वजन कमी भरतं, म्हणून एकाच साइझच्या दोन बॅटऱ्या उचलून बघ, हाताला कळतं. सीसीएचा आकडा पण बघ, म्हणजे थंडीत इंजिन स्टार्ट करायला बॅटरी किती करंट देते तो, उणे 18 डिग्रीवर मोजतात, आपल्याकडे तसली थंडी नाही पण तुलनेला उपयोगी. लोकल स्वस्त वाली जुनीच धुऊन रंगवून नवा स्टिकर लावलेली असू शकते, त्या वाटेला जाऊ नकोस.

पेडणेकर_72:
नवी घेण्याआधी अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो, तपासा हो, नाहीतर नवीही मरेल. गाडी चालू ठेवून टर्मिनलवर मल्टिमीटर लावा, 13.8 ते 14.4 व्होल्ट आलं की ठीक. आम्ही समुद्राजवळ राहतो, टर्मिनलवर पांढरी निळसर बुरशी चढते, खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ब्रशने काढतो, मग पेट्रोलियम जेली. काढताना निगेटिव्ह आधी, हे विसरू नका. आणि साइझच्या कोडमध्ये 38बी20एल लिहिलंय का 38बी20आर ते जुन्या बॅटरीवर बघून जा, टर्मिनलची बाजू उलट आली तर वायर पोचत नाही.

डिचोलीकर:
मोजलं. चालू गाडीत 14.2, म्हणजे अल्टरनेटर ठीक, पण रात्रभर ठेवून सकाळी 11.9, बॅटरीच गेली. दुकानात दाखवलेली पहिली होती 9 महिन्यांपूर्वी बनलेली, शिक्का वाचून परत केली, आतून 2 महिन्यांची काढून दिली. वजन स्वस्तवालीपेक्षा चांगलंच जास्त लागलं हाताला. जुनी दिली त्याचे पैसे बिलातून कापले, आणि वॉरंटी कार्डावर तारीख माझ्यासमोर लिहून घेतली. मेस्त, पेडणेकर काका, मनापासून आभार, मोदकांना या!