फायरवॉल असताना एसबीसी (इंटरनेट कॉलच्या सीमेवरचा राखणदार) कशाला? कॉल ३२ सेकंदांनी तुटतोय

तारयंत्री:
ऑफिसात ॲस्टेरिस्क (सॉफ्टवेअरचं टेलिफोन एक्सचेंज), बाहेर एसआयपी ट्रंक (एसआयपी म्हणजे इंटरनेटवर कॉल जोडायची पद्धत, ट्रंक म्हणजे पुरवठादाराची लाइन). घरून काम करणाऱ्यांसाठी राउटरवर ५०६० (एसआयपीसाठी) आणि १०००० ते २०००० (आवाजासाठी) हे पोर्ट उघडे ठेवलेत. घरच्या फोनवर पलीकडचा आवाज येत नाही. ट्रंकवरून आलेला कॉल उचलला की ३२ सेकंदांनी तुटतो. शिवाय लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून रजिस्टरचा (फोन नोंदवायच्या विनंत्यांचा) भडिमार. फायरवॉल आहेच, मग एसबीसीने वेगळं काय होणार?

पॅकेटवाला:
पहिल्या दोन तक्रारींसाठी एसबीसी घेऊ नका, त्या सेटिंगच्या आहेत.

३२ सेकंद हा आकडाच दोष दाखवतो. कॉल उचलल्यावर तुमच्याकडून २०० ओके (कॉल उचलल्याचा संदेश) जातो, त्यावर पलीकडून ॲक (पोच) यावा लागतो. तो आला नाही तर ओके पुन्हापुन्हा जात राहतो आणि ५०० मिलिसेकंदांच्या ६४ पट वेळ संपला की कॉल बंद. संदेशांचा ट्रेस काढा, ओकेच्या कॉन्टॅक्ट हेडरमध्ये (पुढचे संदेश कुठे पाठवायचे ते सांगणारी ओळ) १९२.१६८ ने सुरू होणारा, बाहेरून न पोचणारा आतला पत्ता दिसेल. पुरवठादाराचा ॲक तिकडेच निघतो आणि हरवतो. पीजेसिपमध्ये (ॲस्टेरिस्कचा एसआयपी भाग) मीडियाचा म्हणजे आवाजाचा बाहेरचा पत्ता आणि सिग्नलिंगचा म्हणजे संदेशांचा बाहेरचा पत्ता ही दोन वेगळी सेटिंग आहेत, दुसरं हमखास राहून जातं.

आवाजाचं उलट आहे. घरचा फोन एसडीपीत (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा मजकूर) 'सी=इन आयपी४ १९२.१६८.१.१०' असं लिहून पाठवतो आणि ॲस्टेरिस्क आवाज त्याच पत्त्यावर धाडतो. त्या एक्स्टेंशनना आरटीपी सिमेट्रिक, फोर्स आरपोर्ट आणि रीराइट कॉन्टॅक्ट तिन्ही 'येस' करा, म्हणजे लिहिलेल्या पत्त्याऐवजी पॅकेट जिथून आलं तिथेच उत्तर जाईल. घरच्या राउटरवरचं एसआयपी एएलजी हे सेटिंग बंद करा, ते संदेशांतले पत्ते अर्धवट बदलून ठेवतं.

सीमारक्षक:
भडिमारासाठी मात्र एसबीसी हवाच. साधी फायरवॉल पोर्ट बघते, एसबीसी एसआयपी संदेश वाचतो. तो कॉल आपल्याकडे संपवतो आणि आत दुसरा नवा कॉल लावतो, त्यामुळे एक्सचेंजचा पत्ता बाहेर कधीच जात नाही. आवाजाचे पोर्टही त्या कॉलपुरतेच उघडतात. तुमचे दहा हजार आज रात्रंदिवस उघडे आहेत.

बाहेर फक्त ५०६१ वर टीएलएस (संदेशांचं कूटबद्धीकरण) ठेवा, आवाजाला एसआरटीपी (आवाजाचं कूटबद्धीकरण). एसडीईएस पद्धतीत एसआरटीपीची किल्ली एसडीपीतूनच जाते, म्हणून टीएलएसशिवाय ते निरुपयोगी. तुमच्या डोमेनऐवजी नुसत्या आयपीवर आलेलं रजिस्टर उत्तर न देता टाकून द्या. ४०३ (नकार) पाठवलंत तरी इथे एसआयपी आहे हे स्कॅनरला कळतं. आणि ००ने सुरू होणारे नंबर आधी पूर्ण बंद करून लागतील तेवढेच देश उघडा. पासवर्ड फुटला की बिल फुगतं ते परदेशी कॉलनीच.

तारयंत्री:
दुसरी ट्रंक घेतोय. पहिली पडली की कॉल आपोआप वळेल ना? एसबीसी म्हणून कमाइलिओ हा एसआयपी सर्व्हर चालेल का?

पॅकेटवाला:
वळेल, पण नियम नीट लिहा. दर ३० सेकंदांनी ऑप्शन्स (ट्रंक चालू आहे का हे विचारणारा संदेश) पाठवा, सलग तीनदा उत्तर नाही आलं तर ट्रंक बंद धरा. ५०३ (सेवा उपलब्ध नाही) आला किंवा वेळ संपला तरच दुसरीकडे वळवा. ४८६ म्हणजे समोरचा फोन व्यस्त आहे, तो दुसऱ्या ट्रंकवरही व्यस्तच लागणार. इन्व्हाइटची (कॉल सुरू करणारा संदेश) मूळ मुदतही ३२ सेकंद असते. ती ४ वर आणा, नाहीतर फोन करणारा शांतता ऐकून ठेवून देईल. दोन पुरवठादारांना नंबर वेगवेगळ्या रूपात हवे असतात, म्हणून आत सगळीकडे +९१ ठेवा आणि बाहेर पडताना त्या त्या ट्रंकप्रमाणे बदला.

कमाइलिओ मुळात प्रॉक्सी (संदेश पुढे देणारा मध्यस्थ) आहे, कॉल स्वतःकडे संपवत नाही. आवाजासाठी आरटीपीइंजिन (आवाजाची पॅकेट पुढे देणारा प्रोग्राम) आणि आतले पत्ते लपवायला टोपॉस मॉड्यूल जोडलंत की तुमचं काम भागेल.