‘खुसारा खुसारा’ची चाल आणि जे-झी: पैसे भरले की झालं का?

तानपुरा:
अब्देल हलीम हाफिझचं ‘खुसारा खुसारा’ १९५७च्या ‘फता अहलामी’ या इजिप्शियन चित्रपटातलं. संगीत बलीग हम्दी यांचं. शेजारची मुलगी दुरावली, तिच्यासाठी डोळे रडतायत, एवढाच विषय, पण हलीम जीव ओतून गातो. त्यातली बासरीची सुरावट निर्माता टिंबालँडने १९९९मध्ये अमेरिकन रॅपर जे-झीच्या ‘बिग पिंपिन’ या गाण्याखाली घातली. त्या गाण्यात बायकांना वापरून सोडून देण्याची फुशारकी आहे! हम्दी १९९३मध्येच गेले. वारसांना कुणी विचारलं नाही. ईएमआय या संगीत कंपनीला १ लाख डॉलर दिले ते २००१मध्ये, गाणं जगभर गाजून झाल्यावर. माझ्या मते ही चाल ओरबाडलेली आहे.

ठेका:
अजिबात पटलं नाही. हम्दींनी स्वतः इजिप्तच्या लोकसंगीतातून भरपूर घेतलं, वाद्यवृंदात गिटार आणली. टिंबालँडने काय केलंय ते हेडफोन लावून ऐका. बासरीची तेवढीच ओळ तो गोल गोल फिरवत ठेवतो आणि खाली ड्रम असे तुटक वाजतात की ती ओळ दर खेपेला नवी वाटते. हे काम कुणाही सोम्यागोम्याचं नाही. मी हलीमपर्यंत पोचलो तो याच गाण्यामुळे. शिवाय कोर्टातही जे-झीच जिंकला.

तानपुरा:
जिंकला, पण कशावर? हम्दींच्या वारसाने २००७मध्ये दावा लावला. २०१५मध्ये तो निकालात निघाला, कारण आर्थिक हक्क त्याने आधीच दुसऱ्याला दिले होते, म्हणून दावा लावायचा अधिकारच उरला नव्हता. कलाकृतीची विटंबना रोखायचा हक्क इजिप्तचा कायदा देतो, पण तो अमेरिकेत चालत नाही, हे २०१८च्या अपिलातही कायम राहिलं. चाल अशी वापरणं योग्य होतं, असं यात कुठे आलं?

सरगम:
आपल्या लतादीदींचंही असंच झालं होतं. ‘ज्योती’मधलं (१९८१) ‘थोडा रेशम लगता है’ अमेरिकन गायिका ट्रुथ हर्ट्सच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये (२००२) सरळ वाजतं. तिथे मात्र अमेरिकन कोर्टाने सांगितलं, बप्पी लाहिरींचं नाव टाका, नाहीतर विक्री बंद. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ तर हक्क विकल्यावरही विटंबनेविरुद्ध दाद मागू देतं. त्यामुळे या मुद्द्यावर मी तानपुरांच्या बाजूने.

ठेका:
नाव द्यायलाच हवं, त्यावर वाद नाही. शब्दांबद्दल खुद्द जे-झीने २०१०मध्ये मुलाखतीत खंत व्यक्त केली. पण प्रत्येक वारसाची परवानगी लागली असती तर सॅम्पलिंगवर, म्हणजे जुन्या गाण्यांचे तुकडे नव्या गाण्यात वापरण्यावर, उभं राहिलेलं अर्धं हिपहॉप जन्मालाच आलं नसतं. ते मला नको.

तानपुरा:
मग कमी गाणी झाली असती. चालेल मला. ज्याने चाल बांधली त्याच्या घरच्यांना ‘नाही’ म्हणता यायला हवं, आणि तेही गाणं बाजारात यायच्या आधी.