घरकुलाचं अनुदान एका खात्याकडे, पूररेषा दुसऱ्याकडे. पाहणी एकत्र का नको?

पंचवटीकर: नाशिकात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की आपण पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागल्याचे फोटो टाकतो. २००८, २०१६, २०१९, दरवेळी तेच. काठच्या पत्र्याच्या घरात पाणी आधी दाराशेजारच्या मीटरला लागतं, त्याचा फोटो कोणी काढत नाही. शहरी आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. महापालिकेचा अभियंता काम बघून हप्ता सोडतो. त्याच वेळी जलसंपदा खात्याने जोत्याची उंची सांगावी, महावितरणने मीटर वर घ्यावा, उन्हाळ्यासाठी छताला पांढरा थर द्यावा. घर एकदा उभं राहिलं की जोतं कोण उचलणार?

जुना_अभियंता: निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवं घर बांधायला परवानगीच नाही. तिथे मीटर वर घेऊन काय साधणार? माणसं हलवा.

नासर्डीकाठची: कुठे, शहराच्या दुसऱ्या टोकाला चुंचाळ्याला? पंचवटीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने रोज रिक्षाला किती घालवायचे? हलवा म्हणणाऱ्यांनी आधी तो हिशोब मांडावा.

पंचवटीकर: मी निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या घरांबद्दल बोलतोय. लाल म्हणजे १०० वर्षांतला पूर. तिथे जोतं त्या पातळीच्या वर घेतलं तर बांधता येतं.

जुना_अभियंता: आणि खर्च? चार फूट जोतं, मुरुमाची भर, वर पायऱ्या. अडीच लाखांतले भिंतीला काय उरणार? खाती एकत्र बसली म्हणून अनुदान वाढत नाही.

पंचवटीकर: म्हणून तर आपत्तीचा पैसा यात हवा. १५व्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के हिस्सा धोका आधीच कमी करण्यासाठी ठेवला. जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच. सिंहस्थ आला की हीच खाती एका टेबलावर बसतात ना?

सिडकोवाला: सिंहस्थाला तारीख असते हो. घरकुलाच्या फाइलवर चार सह्या म्हणजे पावसाळा गेला.

पंचवटीकर: मग मुदत घाला. पंधरा दिवसांत उत्तर नाही, तर मंजूर.

जुना_अभियंता: पूररेषेच्या बाबतीत उत्तर नाही म्हणजे मंजूर? पहिल्या पुराला त्या घरात तुम्ही झोपा मग.