सिलिंडर हेडमध्ये तुटलेला सायलेन्सरचा स्टड कसा काढावा?

प्रश्न : किनारपट्टी, मालवण

माझी १५० सीसीची कार्बोरेटर असलेली जुनी मोटारसायकल वर्षानुवर्षे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी असते. सायलेन्सरचा बेंड पाइप ज्या दोन स्टडवर (हेडमध्ये आट्यांनी बसवलेल्या, डोके नसलेल्या बोल्टवर) बसतो, ते दोन्ही गंजले आहेत आणि गॅरेजमध्ये नट सोडवताना त्यांपैकी एक पिळवटून तुटला. स्टड ८ मिलिमीटरचा असून हेडच्या बाहेर त्याचा जेमतेम ४ मिलिमीटर तुकडा उरला आहे. व्हाइस ग्रिपने पकडला की तो फिरत नाही, उलट पकड घसरून गोल होत चालला आहे. त्यात भोक पाडून ईझी-आउट (तुटलेला स्टड आतून पकडून उलटा फिरवणारे उलट्या आट्यांचे साधन) घालावे, असा सल्ला मला मिळाला आहे. हेड अॅल्युमिनियमचे आहे आणि नवीन घेणे मला परवडणारे नाही, म्हणून हा सल्ला मानावा का आणि हेड न उतरवता काम होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. दुसऱ्या स्टडच्या नटाला मी अजून हात लावू दिलेला नाही.

उत्तर : जुना फिटर, कोल्हापूर

दुसऱ्या नटाला हात लावू दिला नाही, हे उत्तम केले. ईझी-आउट तूर्त बाजूला ठेवावे. ज्या स्टडने पूर्ण जाडीचा असताना पान्याचा जोर सोसला नाही, त्याच्या आतल्या लहान भोकात बसणारे साधन तो जोर कसा सोसेल? ईझी-आउट कडक पोलादाचे, म्हणून ठिसूळ असते. ते आत तुटले तर साधे ड्रिल त्याला लागतही नाही आणि आज तासाभराचे असलेले काम स्पार्क इरोजनच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) यंत्रापर्यंत जाते.

अॅल्युमिनियममध्ये लोखंडी स्टड अडकतो तो केवळ तांबेऱ्यामुळे नव्हे. खारा ओलावा मिळाला की या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते, त्यात अॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये गच्च भरते. तेल तिथपर्यंत सहज पोहोचत नाही. भेदक तेल रात्रभर मुरू द्यावे, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये. खरे काम उष्णता करते, कारण तेवढ्याच तापमानवाढीला अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि स्टडभोवतीचे भोक सैल होते.

आपल्याकडे ४ मिलिमीटर तुकडा शिल्लक आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. त्यावर जस्ताचा मुलामा नसलेला साधा नट ठेवून वेल्डरकडून नटाच्या आतून, स्टडच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने वेल्ड भरून घ्यावे. लोखंडाचे वेल्ड अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला नट चिकटण्याची भीती नाही. तापलेला स्टड आधी फुगून भुकटी चिरडतो आणि निवताना आक्रसतो, म्हणून पकड सुटते. लाली गेल्यावर, पण हेड गरम असतानाच, रिंग पान्याने प्रथम किंचित आवळण्याच्या आणि मग सोडण्याच्या दिशेने, असे थोडे-थोडे मागे-पुढे हलवावे. करकर आवाज आला की थांबून तेल द्यावे. नट उखडला तर दुसरा लावावा. त्याने काही बिघडत नाही. त्याआधी बॅटरीची तार सोडावी, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवावी आणि भेदक तेल नीट पुसून घ्यावे.

शाबूत स्टडचा नट पान्याने सोडवू नये. त्याच्या एका बाजूला हॅकसॉने आट्यांपर्यंत चीर पाडून छिन्नीने तो उकलावा. नट वाया जाईल, स्टड वाचेल.

उत्तर : लेथकाम, इचलकरंजी

वरील पद्धत योग्य आहे. तरीही तुकडा हेडच्या पातळीत तुटलाच, तर ड्रिलिंगशिवाय मार्ग नाही आणि तिथे सगळे मध्यबिंदूवर अवलंबून असते. हातातले ड्रिल कडक स्टडवरून घसरून मऊ अॅल्युमिनियममध्ये शिरते आणि हेड बहुतेक वेळा असेच खराब होते. यासाठी बेंड पाइपच्या फ्लँजच्या (स्टडवर बसणाऱ्या चपट्या पट्टीच्या) भोकात घट्ट बसेल अशी बुश, म्हणजे धातूची नळी, लेथवर काढून घ्यावी, तिच्या मध्यभागी ४ मिलिमीटरचे भोक ठेवावे आणि फ्लँज शाबूत स्टडवर बसवून त्या बुशमधून ड्रिल चालवावे. फक्त फ्लँज पोर्टवर मध्यात बसली आहे ना, ते आधी तपासावे. उलट्या फिरकीचे ड्रिल मिळाल्यास तेच वापरावे, कारण पुष्कळदा भोक पाडतानाच तुकडा सुटून बाहेर येतो. १.२५ पिचच्या (दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर असलेल्या) ८ मिलिमीटर स्टडसाठी ६.८ मिलिमीटरच्या ड्रिलपुढे जाऊ नये. उरलेले पातळ कवच टोकदार सळईने आत दुमडून काढता येते.

उत्तर : रसायनवाला, सांगली

हेड उतरवावेच लागले, तर आणखी एक उपाय सांगतो. तुरटीचे गरम, संपृक्त द्रावण लोखंड हळूहळू विरघळवते आणि अॅल्युमिनियमला फारसा धक्का लावत नाही. घड्याळ दुरुस्त करणारे पितळेत तुटलेले पोलादी स्क्रू याच उपायाने काढतात. द्रावण सतत गरम ठेवावे लागते आणि जाड स्टडला बराच वेळ लागतो. मात्र व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट आणि गाइडसुद्धा लोखंडी असतात, म्हणून संपूर्ण हेड कधीही बुडवू नये. स्टडभोवती मातीची किंवा मेणाची पाळ करण्यापेक्षा मी तरी आधी वेल्डरकडेच जाईन.

प्रश्नकर्ता : किनारपट्टी, मालवण

सर्वांचे मनापासून आभार. वेल्ड केलेल्या दुसऱ्या नटाने स्टड निघाला. बाहेरचे एक-दोन आटे पांढरे होऊन झिजले आहेत, आतले ठीक दिसतात. नवीन स्टड स्टेनलेस स्टीलचा घ्यावा का?

उत्तर : जुना फिटर, कोल्हापूर

किनाऱ्यावर स्टेनलेसचा मोह टाळावा. तो स्वतः टिकतो, पण खाऱ्या हवेत हेडचे आटे अधिक वेगाने खातो. मूळ प्रतीचा पोलादी स्टड आणि पितळी नट घ्यावेत, कारण पितळ स्टडला सहसा धरून बसत नाही. आधी टॅप (आटे पाडायचे हत्यार) हाताने फिरवून भुकटी काढावी आणि आट्यांना निकेलयुक्त अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावावे. ते लावल्यावर घर्षण कमी होते, त्यामुळे पुस्तिकेत कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या टॉर्कपेक्षा थोडे कमीच आवळावे. स्टड बसवताना हाताला सैल लागला, तर तसाच आवळू नये. तिथे हेलिकॉइल (झिजलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची आटेदार गुंडाळी) बसवून घ्यावे.